बर्फात पाठवलेलं रक्त

लोकं मले आजही म्हणतात, बाई, तुमचा हात लई हलका, सुई टोचली तरी समजत नाही. ऐकलं की माझं डोकं फिरते. हलका हात काय चाटाचा आहे? हात हलका अन् डोक्यात मस्ती असली तर काय होते ते मी सांगते, अन् एकदाच सांगते. मधात कोणी ‘जाऊ द्या बाई, नशीब’ असं म्हणाचं नाही. नशिबाचा यात काही संबंध नाही.

माझं नाव धम्मशीला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं मी लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासली. रिटायर झाल्यावर चिखलीत घराच्या पुढच्या खोलीत कलेक्शन सेंटर टाकलं. म्हणजे आपण फक्त रक्त काढाचं, नळीत भराचं अन् मोठ्या शहरातल्या लॅबले पाठवाचं. एकतीस वर्षांत माझा एकही नमुना वापस आला नाही. हे मी इतक्या लोकांले इतक्या वेळा ऐकवलं आहे, की आता आठवलं तरी लाज वाटते. नवीन पोरी कामाले आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांले एकच गोष्ट शिकवत होती: रक्त काढलं की बर्फ. बर्फ नाही तर नमुना नाही. आमच्या इकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसले टेकते, टेबलावर राहिलेलं रक्त दुपारपर्यंत कामाचं राहत नाही. एक पोरगी आइस पॅक विसरली होती, तर तिले मी सगळ्या पेशंटसमोर रडवलं होतं.

दयाराम माझा मोठा भाऊ. उंद्रीत राहत होता, एसटीत कंडक्टर होता. आमचा बाप लवकर गेला, तर मले भाऊनंच शिकवलं. लॅबच्या कोर्सले मले नागपूरले पाठवलं तेव्हा गावातले लोक त्याले म्हणत, पोरीले एवढं शिकवून काय करतं बे. तो म्हणे, काय कराचं ते तिचं ती पाहीन. स्वतः दहावी नापास. इंग्रजीचा कागद आला की चष्मा लावून उलटासुलटा पाहे अन् माझ्यासाठी ठेवून देई. लाइट बिल असो का विम्याचं पत्र, ‘धम्मशीला आली की वाचन,’ हे त्याचं ठरलेलं. गावात कोणाले ताप आला तरी माझ्याकडं पाठवे. माझी बहीण रक्तात काय आहे ते सांगते, म्हणे.

त्या वर्षी त्याच्या शौचातून रक्त जाऊन राह्यलं होतं. सहा महिने त्यानं लपवलं, मूळव्याध आहे म्हणे. वहिनीनं मले फोन केला तेव्हा कुठं समजलं. मी त्याले मोठ्या दवाखान्यात नेलं. आतड्याचा कॅन्सर निघाला. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, फूटभर आतडं कापून काढलं. डॉक्टर शैलजा म्हणून होत्या, हुशार बाई, बोलाले साध्या. त्या म्हणाल्या, गाठ सगळी निघाली, पण स्टेज मधली आहे. कीमो द्यावा की नाही, दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

भाऊ कीमोचं नाव काढू देत नव्हता. दुसरबीडचा रामराव त्याच्यासोबत डेपोत होता. कीमोनं त्याच्या तळहाताची सालं निघालेली, तोंडात फोड, पाणी गिळता येत नाही, हे सगळं भाऊनं पाहिलं होतं. अन् एवढं सोसून रामराव गेला तो गेलाच. भाऊ म्हणे, मराचं तर आहेच, पण तसं नाही.

मंग डॉक्टरबाईंनी एक रक्ताची तपासणी सांगितली. माणसाच्या अंगातल्या पेशी रोज मरतात, अन् त्यांच्यातला डीएनए तुकडे तुकडे होऊन रक्तात येते. कॅन्सरची पेशी कुठं दडून बसली असन तर तिचेही तुकडे येतात, पण लई थोडे. पोतंभर तुरीत एक काळा दाणा, एवढे. ही लॅब तो काळा दाणा शोधते. सापडला तर कीमो द्याचाच. नाही सापडला तर देऊ नये, फक्त लक्ष ठेवावं. भाऊले हे पटलं. पण एक अट घातली: रक्त माझी बहीण काढन, दुसरं कोणी नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्या तर लॅबच्याच आहेत, उत्तम. मी तिथं बसल्या बसल्या फुगली.

मेच्या पहिल्या हप्त्यात लॅबचा डबा चिखलीत आला. त्यात दोन नळ्या होत्या, नेहमीच्या नाही, आत वेगळं औषध घातलेल्या. एक जेलची पिशवी, अन् एक कागद. कागदावर बर्फाच्या चांदणीचं चित्र होतं अन् त्याच्यावर लाल काट मारलेली. ते मी पाहिलं. पाहिलं नाही असं मी म्हणत नाही. मी मनात म्हटलं, थंड मुलखातल्या लोकांनी छापलेला कागद, त्यांले काय माहीत चिखलीचा मे.

भाऊ सकाळच्या गाडीनं उंद्रीहून आला. त्याले बाजेवर बसवलं, हातमोजे घातले, अन् तेवढ्यात लॅबच्या माणसाचा फोन आला. कुलदीप त्याचं नाव. मोजे घातलेले म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, मॅडम, नळ्या बर्फात ठेवू नका, जेलची पिशवीसुद्धा फ्रीजमध्ये घालू नका, आहे तशी डब्यात ठेवा, बाहेरची उष्णता ती अडवते. मी म्हटलं, बाहेर चव्वेचाळीस आहे, एसीत बसून सांगणं सोपं असते. तो तरी नेटानं म्हणाला, मॅडम, या नळीतलं औषध पेशींना धरून ठेवतं, बर्फ लागला तर त्या फुटतील. मी म्हटलं, तुम्ही शाळेत होते तेव्हापासून मी रक्त पाठवून राह्यली, मले शिकवू नका. अन् फोन कापला. भाऊ हसला. झाडला वं त्याले, म्हणे. मले बरं वाटलं, खोटं काऊन बोलू.

रक्त एका टोच्यात आलं. नळ्या हलक्या हातानं दहा वेळा उलट्यासुलट्या केल्या, तेवढं कागदाप्रमाणं केलं. मंग डीप फ्रीजरमधून दगडासारखे चार आइस पॅक काढले अन् नळ्या त्यांच्या मधात दाबून बसवल्या. वरून टेप मारला. दुपारी कुरियरवाला डबा घेऊन गेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल माझा नव्हता.

अठरा दिवसांनी रिपोर्ट आला, नेमका बुद्धपौर्णिमेच्या दिवशी. भाऊचा पोरगा प्रसेनजित पुण्याहून सुटीले आला होता. रिपोर्ट त्याच्या फोनवर आला, त्यानं चिखलीतून दोन पानं छापून आणली अन् थेट उंद्रीच्या विहारात घेऊन आला. वंदना झाली होती, खीरदान सुरू होतं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होतं, कॅन्सरचा डीएनए आढळला नाही. प्रसेनजितनं ते मोठ्यानं वाचलं, कागद माझ्या हातात देले अन् आईले सांगाले पळाला. सिंधूवहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाया तिच्याभोवती जमल्या. कोणी म्हणे, सुंठीवाचून खोकला गेला. वहिनीनं स्वतःच्या हातानं सगळ्यांले दुसऱ्यांदा खीर वाढली.

मी दुसरं पान पलटवलं. खाली बारीक इंग्रजीत पाच ओळी होत्या. नमुना गोठलेल्या अवस्थेत मिळाला, पेशी मोठ्या प्रमाणात फुटल्या आहेत, त्यांचा साधा डीएनए मिसळल्यामुळं कॅन्सरचा अंश असला तरी दिसणार नाही, या निकालावर विसंबू नये, नवीन नमुना पाठवावा. म्हणजे मी काय केलं होतं? काळा दाणा शोधाच्या पोत्यात आणखी वीस पोते तूर ओतली होती.

मले समजलं. पहिल्या ओळीतच समजलं. वाचाले मोजून अर्धा मिनिट लागला असन. भाऊ बाजूले सतरंजीवर बसला होता, हातात खिरीची वाटी. तो माझ्याकडं पाहून राह्यला होता. मी तेव्हा काय विचार केला ते सांगते. भाऊच्या जिवाचा विचार नंतर आला. आधी आलं ते हे, की माझा नमुना वापस आला. एवढ्या वर्षांत पहिला, अन् सख्ख्या भावाचा. उद्या चिखलीत, दवाखान्यात, ज्या पोरींले मी रडवलं त्यांच्यात, बोभाटा होईन की धम्मशीलाबाईनं रक्त गोठवलं. मी म्हटलं, आज सण आहे, उद्या सांगू. अन् ते पान पहिल्या पानाखाली पालथं घातलं.

“सगळं बरोबर आहे ना वं बाई?” भाऊनं विचारलं.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “खीर खा.”

उद्या काही आला नाही. आठ दिवसांनी आम्ही डॉक्टरबाईंकडं गेलो. बाहेर बाकड्यावर बसाले जागा नव्हती एवढे पेशंट. त्यांनी पहिलं पान वाचलं, हसल्या, अन् माझ्याकडं पाहून विचारलं, उन्हाळ्याचे दिवस होते, नमुना नीट गेला होता ना? त्यांनी मले विचारलं, कारण मी लॅबची. परक्या माणसाले विचारलं असतं तर त्यांनी पुढचं पान पाहिलं असतं. मी म्हटलं, हो मॅडम, मीच पाठवला, काही अडचण नाही. त्यांनी फाइल मिटली अन् कीमो नको असं लिहिलं. भाऊ माझ्या शेजारीच बसला होता.

त्यानंतर तो असा राहाले लागला, जशी त्याले दुसरी नोकरी लागली. रोज स्टँडवर जाऊन बसे, जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांले थांबवून सांगे, माझ्या बहिणीनं रक्त काढलं, सगळं साफ आहे. जुलैत मी एकदा धीर केला. म्हटलं, भाऊ, पुन्हा एकदा रक्त काढू, उगाच पक्कं होऊन जाईन. तो म्हणे, तू काढलं, तू पाठवलं, तूच बरोबर आहे म्हटलं, मंग आता काऊन? याचं एकच उत्तर होतं. ते माझ्या जिभेवर आलं, अन् मी गिळलं. म्हटलं, सहज आपलं.

ऑगस्टच्या तपासणीत काही निघालं नाही. साध्या रक्तात नाही, सोनोग्राफीत नाही. तेव्हा तर मी स्वतःवरच खूश झाली. म्हटलं, पाहा, बर्फानं काही बिघडलं नव्हतं, लॅबवाले उगाच घाबरवतात. दोन महिने मी गाढ झोपली. त्या झोपेचा मले आता सगळ्यात जास्त राग येते.

दिवाळीनंतर भाऊची भूक गेली. डिसेंबरात स्कॅन केलं. लिव्हरमध्ये चार गाठी.

डॉक्टरबाईंनी जुनी फाइल मागितली अन् पहिल्यांदा ते दुसरं पान वाचलं. मोठ्यानं वाचलं, मराठीत. मंग त्या म्हणाल्या, हे तेव्हाच पाहायला हवं होतं, माझंही चुकलं. प्रसेनजित माझ्याकडं वळला.

“आत्या, तू हे वाचलं होतं?”

“नाही रे,” मी म्हटलं. “लई बारीक होतं. मले वाटलं, लॅबचा पत्ता-फोन असन.”

डॉक्टरबाई चांगल्या मनाच्या. त्या म्हणाल्या, नमुना चांगला असता तरी सापडलं असतं असं नाही, अन् कीमोनं थांबलंच असतं असंही नाही. कदाचित. तो शब्द त्यांनी मले धीर म्हणून देला. लोकांले वाटन, अशा शब्दाच्या आडोशाले बसता येते. नाही बसता येत. कदाचित म्हणजे कदाचित तो वाचलाही असता.

आता कीमो सुरू झाला, तोच रामरावचा कीमो. भाऊनं नाही म्हटलं नाही. तळहात सोलले, तोंड आलं. मी दर रविवारी उंद्रीले जात होती, मोसंबीचा रस घेऊन. प्रसेनजित सुटी काढून घरीच होता अन् रागानं पेटलेला होता. त्याले कोणीतरी पाहिजे होतं, ज्याच्यावर हे टाकता येईन. त्यानं ठरवलं, चूक लॅबच्या माणसांची. त्यांनीच नमुना गोठवला, रक्त काढाच्या दिवशी फोन केला तरी त्यांनीच सांगितलं नाही की बर्फ नको. कंपनीले लिहितो, नोकरी खातो एकेकाची, ग्राहक कोर्टात खेचतो, म्हणे. मी त्याच्यासमोर बसून मान हलवत होती.

जानेवारीतली एक दुपार. भाऊले अंगणात उन्हात बाजेवर टाकलं होतं. वहिनी चुलीपाशी होती, प्रसेनजित आत लॅपटॉपवर तक्रार लिहीत होता. भाऊचा आवाज बसला होता, मी कान जवळ नेला.

“तू ते पान वाचलं होतं, बाई,” तो म्हणाला.

मी त्याच्या पायावरची चादर वर ओढली.

“विहारात. पलटवलं, वाचलं, अन् पालथं घातलं. मी पाहून राह्यलो होतो.”

“मंग तू काऊन बोलला नाही?” मी विचारलं. असं विचाराची माझी लायकी होती का? पण तेच तोंडातून निघालं.

“मले इंग्रजी कुठं येते? बारीक काहीतरी लिहिलं होतं एवढं दिसलं. मी तुझं तोंड पाहत होतो. म्हटलं, कामाचं असतं तर धम्मशीला बोलली असती. तू खीर खा म्हटलं, मी खाल्ली.”

तो दम घ्याले थांबला. मी त्याचे सोललेले हात पाहत बसली. त्याच्या पायावर डोकं ठेवून रडावं वाटत होतं, पण ते रडणं बी मलेच हलकं करण्यासाठी असतं.

“अन् त्या फोनवाल्यानं तुले बर्फ नको म्हटलं होतं,” तो म्हणाला. “मी ऐकलं. मी हसलो बी होतो. आता पोरगा त्या माणसाच्या पोटावर पाय देऊन राह्यला. त्याले सांग. मी सांगू शकतो, पण माझ्या तोंडून तो ऐकन तर जन्मभर तुझं तोंड पाहणार नाही. तुझ्या तोंडून ऐकन तर एखाद्या वेळेस पाहीन.”

मी म्हटलं, सांगते. आजच सांगते. भाऊनं डोळे मिटले अन् मान हलवली. त्याचा माझ्यावर अजून भरोसा होता. दुसरा माणूस असता तर त्यानं मले बाजेजवळ बसू देलं नसतं.

तेवढ्यात प्रसेनजित लॅपटॉप घेऊन बाहेर आला. ओट्यावर बसला, मांडीवर लॅपटॉप ठेवला. चार रात्रींची झोप नव्हती, डोळे लाल. तक्रार पूर्ण झाली आहे, म्हणे, एकच गोष्ट राहिली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, अन् त्या नजरेत मले दिसलं की या घरात त्याले आता बापाच्या खालोखाल मीच आहे. भाऊनं डोळे उघडले होते. वहिनी बी चुलीपाशी थांबली होती.

“आत्या, त्या दिवशी लॅबमधून तुले ज्याचा फोन आला होता, त्या माणसाचं नाव काय होतं?”

आता सांगाचं होतं. शब्द सगळे तयार होते. बर्फ मी घातला, त्यानं नको म्हटलं होतं, पान मी वाचलं होतं. तीनच वाक्यं. मी तोंड उघडलं.

“कुलदीप,” मी म्हटलं.

प्रसेनजितनं नाव टाइप केलं अन् तक्रार पाठवून देली. भाऊनं वहिनीले हाक मारली अन् म्हणाला, ऊन लागून राह्यलं, मले आत न्या. मी उठून हात धराले गेली, तर त्यानं तो हात वहिनीकडं केला.